दोनशेपैकी दोनशे चौदा

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पूर्वी छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या चाचणी परीक्षांचे पेपर असली किरकोळ कामं तिथे चालायची. छापखाना बंद पडला, मशीनं भंगारात गेली, जागा बरीच वर्षं धूळ खात पडली आणि मग एकाने प्लायवूडचे कप्पे ठोकून तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. पुण्याच्या नवी पेठेत राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या भागात कुठलंही शटर वर गेलं की आत मेस तरी असते नाहीतर अभ्यासिका तरी. या अभ्यासिकेच्या दाराला अंगठ्याचं मशीन आहे. महिन्याचे पैसे थकले की अंगठा चालत नाही, आणि मग मूल दाराबाहेर पाण्याची बाटली घेऊन मालकाला फोन लावत उभं राहतं. ही मुलं मला आधी काका म्हणायची. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो हे कुठून तरी कळलं आणि मी सर झालो. तेव्हापासून पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावता लावताही कुणीतरी टक्केवारीचं गणित घेऊन येतं.

2024 च्या जानेवारीत तलाठी भरतीची गुणांची यादी लागली, तेव्हा असाच एक जण आला. परभणीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, कंबाइन म्हणजे लोकसेवा आयोगाची संयुक्त परीक्षा, जी जाहिरात पडेल तिचा फॉर्म भरणारा. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, पेपर दोनशेचा होता ना? मग या माणसाला दोनशे चौदा कसे पडले?" पाठोपाठ दुसरा प्रश्न. "प्रत्येक प्रश्न दोन मार्काचा. मग माझ्या मार्कांत हे पॉइंट कुठून आले?" मला जरा बरंच वाटलं. निवृत्त मास्तराला आपल्या विषयातला प्रश्न कुणी आपणहून विचारावा, हे सुख थोडं नसतं. परीक्षा सगळ्यांची एका वेळी झाली नव्हती, शिफ्टमध्ये, म्हणजे गटागटाने आणि वेगवेगळ्या पेपरांवर झाली होती. त्याच्याकडच्या झेरॉक्सच्या पाठीमागे मी दोन घंटाकृती वक्र काढले, एक अवघड शिफ्टचा, एक सोप्या शिफ्टचा. सरासरी दाखवली, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, दाखवलं, एक वक्र सरकवून आणि ताणून दुसऱ्यावर कसा बसवतात ते दाखवलं. अवघड शिफ्टमधल्या अगदी वरच्या माणसाला अशा ताणण्यात दोनशेच्या पलीकडे जाता येतं, कारण सूत्राला दोनशे ही हद्द ठाऊकच नसते. मुलगा हुशार होता. मधे दोन ठिकाणी त्याने मला अडवलं, आणि दोन्ही ठिकाणी बरोबर अडवलं.

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, माझ्या शिफ्टला कोण कोण बसलं होतं, त्यावर माझे मार्क ठरले."

मी म्हटलं, तसं म्हणता येईल, पण. त्या 'पण'च्या पुढे मी खूप बोललो. मोठा नमुना, यादृच्छिक वाटप, सरासरीची स्थिरता. तो "बरं सर" म्हणाला, झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली गेला. खेडेगावातून आलेली मुलं वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नसला की जे 'बरं' म्हणतात, तसं ते 'बरं' होतं. ते मला नंतर कितीतरी दिवस खुपत राहिलं. माझ्या सांगण्यात चूक काही नव्हती. पण त्याने जे म्हटलं तेही खोटं नव्हतं.

नोकरीत असताना आम्हा प्राध्यापकांना रविवारी पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या लागायच्या. मानधन यथातथाच, पण मला ते काम आवडायचं. सकाळी पेठेतल्या एखाद्या जुन्या शाळेत जायचं. दगडी जिना, बाकांवर पिढ्यांनी कोरून ठेवलेली नावं, फळ्यावर शनिवारचा राहून गेलेला सुविचार. सीलबंद पाकीट वर्गात आलं की ते आधी मुलांना दाखवायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि सगळ्यांदेखत ब्लेडने कापायचं. लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेच्या कडेला छापलेलं असतं, 'पर्यवेक्षकांच्या सूचनेविना हे सील उघडू नये'. घंटा झाली की वर्गभर कागदी सील फाटल्याचा एकच करकरीत आवाज व्हायचा. मग तासभर नुसतं पंख्याचं घरघरणं आणि काळ्या बॉलपेनने गोल भरण्याची खसखस. पेपर संपल्यावर मूळ उत्तरपत्रिका आमच्याकडे आणि कार्बन प्रत मुलाकडे. ती प्रत मुलं जपून, कंपासपेटीच्या झाकणाखाली किंवा शर्टाच्या आत ठेवून न्यायची. आपण काय लिहिलं याचा पुरावा आपल्या खिशात आहे, हा त्यांना फार मोठा धीर असायचा.

अर्थात खिशातल्या पुराव्याने पलीकडचं काही थांबत नव्हतं. माझ्यासमोर ब्लेडने कापलेलं पाकीट माझ्यापर्यंत येण्याआधी किती हातांतून गेलं, हे मला कुठे दिसत होतं? छापणारे, मोजणारे, गठ्ठे बांधणारे, वाहून आणणारे, रात्रभर राखण करणारे. त्यातल्या एकाची नियत फिरली की बास. 2021 साली आरोग्य विभागाची भरती कागदावरच झाली आणि पेपर आधीच फुटला. त्याच वर्षी डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. मुलं रात्रीच्या एसटीत बसून निघाली होती आणि बातमी त्यांना वाटेत मोबाइलवर कळली. त्या प्रकरणांचे धागे उसवता उसवता पुणे सायबर पोलीस शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत पोचले, आणि राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच अटकेत गेले. 2019-20 च्या त्या परीक्षेत पैसे देऊन पात्र झालेले म्हणून सात हजार आठशेंहून जास्त जणांची यादी पुढे निघाली. वर्गात सील शाबूत होतं, सह्या झाल्या होत्या, घंटा वेळेवर वाजली होती. गडबड झाली ती वर्गाबाहेर, आमच्यासारखे पर्यवेक्षक घरी जाऊन जेवून झोपल्यावर. तेव्हा 'कागदाच्या काळी सगळं कसं चोख होतं' असं कुणी म्हणायला लागलं की मी विषय बदलतो.

संगणकावर परीक्षा घ्या, ही मागणी याच अनुभवातून आली. आपल्याकडे तिची सुरुवातही फारशी शुभ नव्हती. 2009 मध्ये आयआयएमची प्रवेशपरीक्षा कॅट पहिल्यांदा संगणकावर घेतली, तेव्हा व्हायरसने मशीनं अडून बसली आणि कित्येकांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. राज्यात 2017 साली सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल आलं. त्याच्याविरुद्ध मोर्चे निघाले आणि 2020 च्या फेब्रुवारीत ते गुंडाळलं गेलं. नंतर सरळसेवेच्या, म्हणजे थेट भरतीच्या, परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या दोन संस्थांकडे सोपवल्या. कारभार सुधारला हे खरं. प्रश्नसंच कुलूपबंद सांकेतिक रूपात केंद्रावरच्या सर्व्हरवर येतो आणि तो उघडण्याची किल्ली परीक्षा सुरू होण्याच्या जरा आधी मिळते. छापखाना नाही, ट्रक नाही, रात्रीची राखण नाही. शेजारी बसलेल्याला तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने दिसतात, पर्यायांचा क्रमही वेगळा, त्यामुळे मान वळवून फायदा नाही. मधेच मशीन बंद पडलं तर दुसऱ्या मशीनवर बसवतात आणि जिथे सोडलं तिथून, उरलेल्या वेळासकट पुढे चालू होतं. उत्तर टिकवल्याची नोंद सर्व्हरवर राहते, त्यामुळे कुणाचं उत्तर कुणी नंतर भरलं म्हणणं अवघड होतं.

एकदा कुतूहल म्हणून मी परभणीकडच्या त्या मुलाच्या लॅपटॉपवर सरावाची परीक्षा देऊन पाहिली. उजव्या हाताला प्रश्नांच्या आकड्यांची पाटी. न पाहिलेला प्रश्न राखाडी, पाहून सोडलेला लाल, उत्तर दिलेला हिरवा, 'नंतर बघू' म्हटलेला जांभळा. वरच्या कोपऱ्यात उलटा चालणारा वेळ. मला कोकणातल्या नद्यांवरचा प्रश्न येत होता, पण माझं लक्ष सारखं लाल चौकटींकडे जात होतं. कागदावर सोडलेला प्रश्न गुपचूप पडून असायचा. इथे तो डोळ्यांत खुपतो. चाळीस प्रश्न होईपर्यंत माझी मान अवघडली आणि गणिताला कागद मिळाला तो मांडीवर धरून सोडवताना चष्मा दर वेळी वरखाली करावा लागला. पूर्वी आकृती प्रश्नाशेजारीच काढता यायची, 'कच्च्या कामासाठी जागा' असं छापलेल्या कोऱ्या पानावर. आता डोळे स्क्रीनवर, हात कागदावर आणि दर वेळी आकडा उतरवून घेण्यात चुकण्याची भीती. मुलगा हसून म्हणाला, "सवय होते सर." त्याला झाली होती. पण गावाकडे संगणक फक्त ग्रामपंचायतीत पाहिलेल्या मुलीला ही सवय कुठे लागणार? ती पुण्यात येऊन, पैसे मोजून ही सवय विकत घेते. आमच्याच गल्लीत निव्वळ संगणकावर सराव करून घेणारे वर्ग आहेत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली, ती म्हणजे परीक्षेनंतर हातात पडणारी रिस्पॉन्स शीट. स्वतःच्या लॉगिनमधून उघडायची. प्रश्न, चारही पर्याय, तुम्ही निवडलेला आणि त्यांच्या मते बरोबर असलेला, सगळं समोरासमोर. पटलं नाही तर आक्षेप नोंदवा. आक्षेपाला पैसे पडतात आणि ते मुलांना जड जातात, पण दार उघडं तर आहे. माझ्या तरुणपणी नापास झालेल्याला एवढंच कळायचं की यादीत नाव नाही. आता अभ्यासिकेच्या पायरीवर बसून दोन मुलं एखाद्या प्रश्नावर राज्यघटनेचं पुस्तक उघडून भांडताना दिसतात. कलमाचा शब्द न् शब्द वाचतात आणि अधिकृत उत्तरतालिकाच चुकली आहे हे सिद्ध करतात. पुष्कळदा अंतिम तालिकेत तो प्रश्न खरोखर बदललेला किंवा रद्द झालेला असतो. हे यश संगणकाचं आहे, ते त्याच्या पदरात घालायलाच हवं.

पण चोर काही स्वस्थ बसलेले नाहीत. 2023 च्या तलाठी परीक्षेच्या पहिल्याच दिवशी नाशिकला केंद्राबाहेर एक जण वॉकीटॉकी आणि टॅब घेऊन सापडला. 2021 च्या जेईई मेनमध्ये सोनीपतच्या एका केंद्रावरची मशीनं दुरून कुणी दुसरंच चालवत असल्याचं सीबीआयने उघड केलं. मुलगा खुर्चीत नुसता बसायचा, उत्तरं भलतीकडून भरली जायची. 2024 ची नीट तर कागदावरच होती, पण पेपरच्या पेट्यांना वेळेवर उघडणारी डिजिटल कुलपं लावलेली होती. हजारीबागला काय झालं? सीबीआयच्या तपासानुसार कुलपाला हात न लावता पेटी मागून, बिजागऱ्यांकडून उघडली. हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि मग स्वतःच्याच हसण्याचा राग आला. त्या परीक्षेला तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली होती.

आणि घरचंच उदाहरण. 2023 च्या एप्रिलमध्ये आपल्याच लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांवर हॉल तिकिटं टेलिग्रामवर कुणीतरी टाकून दिली. परीक्षेच्या जेमतेम आठवडाभर आधी. त्या दिवशी आमच्या पायऱ्यांवर जो तो आपला नंबर त्या ढिगात शोधत होता. कागदी हॉल तिकीट पोस्टातून गहाळ व्हायचं ते एकाचं. इथे एका झटक्यात नव्वद हजारांचं. मोठी यंत्रणा बिघडते तेव्हा तीही मोठ्यानेच बिघडते, एवढंच मी तेव्हा मनाशी म्हटलं.

शिफ्टच्या प्रकरणाचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे, ते म्हणजे संगणकांच्या संख्येत. तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर, प्रत्यक्ष बसले साडेआठ लाखांहून जास्त. शाळांचे बाक एका रविवारी इतक्यांना पुरवता येतात. खात्रीचे, एका जाळ्यात जोडलेले, वीज गेली तरी चालणारे इतके संगणक राज्यात एका वेळी मिळत नाहीत. म्हणून 17 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर 2023 असे सत्तावन्न शिफ्ट. सत्तावन्न शिफ्ट म्हणजे सत्तावन्न वेगवेगळे पेपर, आणि सत्तावन्न पेपर सारख्याच काठिण्याचे काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मग त्यांना एका मापात आणण्यासाठी नॉर्मलायझेशन. बाजारात एकाने पायली शिगोशीग भरून दिली आणि दुसऱ्याने सपाट, तर दोघांचं धान्य एका हिशेबात आणायला काहीतरी तोड काढावीच लागते.

ही तोड एका गृहीतकावर उभी आहे. प्रत्येक शिफ्टमधली मुलं एकंदरीत सारख्या तयारीची होती, असं धरायचं. मग एका शिफ्टची सरासरी कमी आली तर दोष पेपरकडे जातो, मुलांकडे नाही. मुलांचं वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं असेल तर हे गृहीतक पक्कं आहे. साडेआठ लाखांना सत्तावन्नाने भागलं की शिफ्टला साधारण पंधरा हजार मुलं येतात. समजा गुणांचं प्रमाण विचलन तीस आहे. पंधरा हजारांच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने जी चूक शिरते, ती मग पाव गुणाच्या आसपास भरते. वर्गात मी हे फळ्यावर मांडून 'नगण्य' असा शेरा मारला असता आणि पुढच्या धड्याकडे वळलो असतो. इतकी वर्षं तेच केलं. पाव गुण, दोनशेपैकी. कुठलाही संख्याशास्त्रज्ञ त्याकडे बघणारसुद्धा नाही.

तो मुलगा अर्ध्या गुणाच्या आत हुकला होता.

हे मला त्या संध्याकाळी नाही, फार नंतर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्याने स्वतः सांगितलं नव्हतं. गुणवत्ता यादीत कट ऑफच्या आसपास एकेका गुणाच्या फटीत माणसांची दाटी असते, दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवर नोकऱ्या ठरतात. जेईई मेनचा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात, तो हौसेने नाही. लाखो मुलांना एका रांगेत उभं करायचं तर तेवढी स्थळं लागतात. माझ्या विषयाची भाषा जमावासाठी घडलेली आहे. जमावावर अन्याय होत नाही हे ती छातीठोकपणे सांगते. जमावातल्या एकट्याला ती काय सांगणार? त्याला मी जे सांगितलं ते त्याच्या शिफ्टबद्दल खरं होतं. त्याच्याबद्दल खरं होतं का, हे मलाच काय, सूत्र बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

याला उपाय नाहीत असं नाही. प्रश्नांची मोठी पेढी करायची, प्रत्येक प्रश्न आधी हजारो मुलांवर तपासून त्याचं काठिण्य ठरवायचं आणि मग सारख्या वजनाचे पेपर काढायचे. जगात काही परीक्षा अशा चालतात. त्याला वर्षं लागतात, पैसा लागतो आणि पेढीतले प्रश्न फुटू न देण्याची शिस्त लागते. आपल्याकडे जाहिरात निघते तीच निवडणुकीच्या तोंडावर, घाईत. किंवा सरळ कागदावर या, एक दिवस, एक पेपर, आणि फुटण्याचा धोका पत्करा. 2024 च्या नीटच्या गोंधळानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने मधली वाट सुचवली: पेपर केंद्रापर्यंत सांकेतिक रूपात संगणकावरून पाठवावा आणि उत्तरं मुलांनी कागदावर द्यावीत. पेपरफुटीविरुद्धचा केंद्राचा कायदाही त्याच वर्षी जूनमध्ये लागू झाला, संघटित टोळीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड. समितीची वाट मला शहाणपणाची वाटते. कायद्याबद्दल मला फारसा उत्साह नाही. शिक्षा चोराला होते, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागते ती सगळ्यांना.

आणि काही गोष्टींना कसलंही तंत्रज्ञान लागत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच रविवारी, 25 तारखेला आली. दोन्हीकडे अर्ज ऑनलाइन, दोन्हीकडे तारखा संकेतस्थळावर, आणि त्या एकमेकींवर आपटल्या हे मुलांनी रस्त्यावर बसून सांगावं लागलं. शास्त्री रोडवर पावसात रात्रभर ठिय्या होता. आमच्या खिडकीपर्यंत घोषणा येत होत्या. परीक्षा पुढे गेली आणि शेवटी 1 डिसेंबरला झाली. मुलांनी पुन्हा मेसचे महिने वाढवले, खोल्यांची भाडी वाढवली. घरी फोनवर काय सांगितलं असेल, हे मला विचारवलं नाही. वर्ष पुढे गेलं की वयाची अट जवळ येते, आणि लग्नाचा विषयही. मुलींच्या बाबतीत तर तो आधी.

केंद्राचा प्रश्नही असाच. पूर्वी पेपर पेठेतल्या शाळेत असायचा, सकाळी चालत जायचं. आता संगणकांच्या लॅब जिथे, तिथे. वाघोली, नऱ्हे, ताथवडे, कधी तर जिल्हाच बदलून भलतीकडे. पहाटे उठून, वाहन मिळेल तसं, नऊच्या शिफ्टसाठी सातला गेटावर. मग अंगझडती, डोळ्यांचा फोटो, अंगठा. मुलींचे कानातले, मुलांच्या मनगटावरचा देवाचा दोरा, सगळं उतरवून घेतात. 2023 च्या 21 ऑगस्टला तलाठी परीक्षेचा सर्व्हर सकाळीच बंद पडला, तेव्हा राज्यभर मुलं अशी गेटाबाहेर ताटकळली होती. पेपर झाला, उशिरा झाला. तांत्रिक अडचण, दिलगिरी वगैरे छापून आलं. दोन तास उन्हात उभं राहून आत गेलेल्याचं डोकं किती चालतं, याचं नॉर्मलायझेशन अजून कुणी काढलेलं नाही.

अलीकडे मी मुलांशी यावर जरा जास्तच बोलतो. मेसमध्ये मला जेवायला बोलावतात, डाळ पातळ असते आणि वाद घट्ट. निम्मी मुलं म्हणतात कागद परत आणा, एक दिवस एक पेपर. निम्मी म्हणतात, आणा म्हणजे पेपर पुन्हा फुटू द्या. पोलीस भरतीचा अभ्यास करणारी सोलापूरकडची एक मुलगी एकदा मधेच म्हणाली, "कशावरही घ्या, पण मी का गेले ते मला दिसू द्या." सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग पुन्हा वादाला लागले. मला तिचं म्हणणं सगळ्यांत व्यवहारी वाटलं. रिस्पॉन्स शीट देता, तसाच प्रत्येक शिफ्टचा हिशेबही द्या. किती बसले, सरासरी किती, मुलांचं वाटप कसं केलं, सूत्र कोणतं, आणि हे सूत्र निकालानंतर नाही तर फॉर्म भरतानाच सांगा. हे आकडे सर्व्हरवर पडलेलेच असतात. ते बाहेर ठेवायला एका माणसाची एक दुपार पुरेल.

म्हणून परवा आम्ही एका भरतीबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. अर्ज ऑनलाइनही करता येतो, पण परभणीकडचा तो अजिबात तयार होईना. म्हणाला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावू आणि स्पीड पोस्टाने पाठवू, पावती हातात राहते. कागद माझ्याकडचे, अक्षर त्याचं, मजकुरावर सहा जणांची भांडणं. मी सांगत होतो, शिफ्टनिहाय उपस्थिती आणि शिफ्टनिहाय सरासरी द्यावी. त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"प्रमाण विचलनपण मागा सर. नुसती सरासरी मागितली तर तेवढीच देतील."